विरी गेलेलं पीठ

मार्तंडराव वकिलांनी वर्तमानपत्राचं पुडकं सोडलं आणि आतली भाकरी गिरणीतल्या वजनकाट्यावर ओतली. ओतलीच म्हणायची. भाकरी कसली, तुकडे नि चुरा. बाकावर दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बायकांनी माना उंच करून पाहिलं आणि मग एकमेकींकडे पाहिलं.

“ही तुमच्या पिठाची भाकरी,” वकील म्हणाले. “परातीतून तव्यापर्यंत पोचत नाही. विरी म्हणून नाही पिठाला. ताज्या दळणात शिळं पीठ मिसळता आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवता?”

भाग्यलक्ष्मीने बटण दाबून चक्की बंद केली. पट्टा फडफडत थांबला. चक्की चालू ठेवली असती तर निम्मं बोलणं तिच्या घरघरीत बुडालं असतं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. आता वकिलांचा आवाज रस्त्यापलीकडच्या पानपट्टीपर्यंत जात होता, आणि त्यांना तेच हवं असावं असं तिला वाटलं.

मागच्या खेपेची ज्वारी त्यांच्या समोरच दळली होती, त्याआधी चक्की झाडून घेतली होती, तीही त्यांच्या समोरच, हे तिने सांगून पाहिलं. पण वकील ऐकतील तर ना! सगळं आयुष्य कोर्टात गेलेलं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत यांचं पुढचं वाक्य तयार. शेवटी ‘नाव मोठं लक्षण खोटं’ असं म्हणून त्यांनी ज्वारीचा नवा डबा काट्याशेजारी ठेवला, उद्या संध्याकाळी न्यायला येतो म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

म्हणजे बघा. पीठ वाईट, गिरणी वाईट, गिरणीवाली तर त्याहून वाईट. दळण मात्र इथंच.

बाहेर त्यांची पांढरी गाडी उभी होती. दार सताड उघडं, आणि पुढच्या सीटवर त्यांच्या पत्नी, विद्युल्लताबाई. वडगावात त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, कारण इथल्या शाळेत शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. पूर्वी दळण घेऊन बाई स्वतःच यायच्या, पीठ चिमटीत धरून बघायच्या, दोन शब्द बोलून जायच्या. वर्षभरात ते बंद झालं होतं. आता त्या गाडीतच बसत आणि वकील आत येऊन भांडत. भाग्यलक्ष्मीने ओळखीचं हसून मान हलवली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या, हसल्या नाहीत. नवऱ्याने एवढं तोंडसुख घेतल्यावर बायको कशाला हसेल, असं तिने मनाशी म्हटलं खरं, पण तिला ते लागलं.

विरी म्हणजे ज्वारीच्या पिठातला चिकटपणा. तो आहे तोवर भाकरी हातावर नाचते. पीठ जुनं झालं की विरी जाते, आणि मग कितीही चांगली सुगरण असली तरी भाकरी कडेने भेगाळते, उचलताना मोडते. गिरणीवालीवर शिळं पीठ मिसळल्याचा आळ येणं म्हणजे दुधवाल्यावर पाण्याचा आळ येण्यासारखंच. चोरीचा आळ परवडला, तो निदान पोलीस तरी खोटा ठरवतात.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या दिवशी बाकावर बायाक्का होती.

बायाक्का खानावळींना भाकऱ्या पुरवायची. तिच्या घरामागच्या परड्यात पहाटेपासून बायका थापायला बसायच्या. तिची ज्वारी थांबली तर निम्मी गिरणी थांबली असती. भाग्यलक्ष्मीच्या घरात पूर्वी यंत्रमाग चालायचे. साड्यांना उठाव राहिला नाही तेव्हा माग भंगारात गेले आणि त्याच खोलीत ही चक्की आली. ती चालली ती बायाक्काच्या जिवावर. आता बसस्टॉपजवळ नवी चकचकीत गिरणी झाली होती, आणि तिचा मालक बायाक्काला डबे घरपोच नेऊन-आणून देतो म्हणत होता. तरी ती इथंच टिकून होती. पण कान तिलाही होतेच.

एक कानडी म्हातारी ‘इरली बिडी’ म्हणत, जाऊ दे जाऊ दे करत आपला डबा उचलून गेली. बाकीच्याही पांगल्या. बायाक्का मागे राहिली. तिने काट्यावरचा एक तुकडा उचलला, बोटांत चुरला.

“भाग्या, तू तसली हायस असं मी म्हणत न्हाय,” ती म्हणाली. “पर दर खेपंला एक शिकलेला माणूस येऊन हेच वरडतोय. उद्या खानावळवाल्याच्या कानावर गेलं तर माझ्या भाकरीला कोण इचारील? मला एकदा खरं-खोटं दाव. न्हायतर मला माझं बघाय पायजे.”

रात्री जेवताना भाग्यलक्ष्मीने हे कुमारच्या, म्हणजे नवऱ्याच्या कानावर घातलं. कुमार खडेबाजारात साड्यांच्या दुकानात कामाला. दिवसभर गिऱ्हाइकासमोर साड्या उलगडायच्या, ‘बघून येते’ म्हणून ते निघून गेलं की हसत घड्या घालायच्या, यात त्याचे केस पिकले होते. गिऱ्हाइकाशी भांडण जिंकलं की गिऱ्हाईक गेलंच समजायचं, हा त्याचा वेद. त्याने सरळ सांगितलं की हात जोड, चुकलं म्हण, जीभ काही झिजत नाही.

“तुमचं काय,” ती म्हणाली. “तुमी चुकलं म्हणून दुसरी साडी दावतासा. मी चुकलं म्हणलं तर त्याचा अर्थ मी पीठ मिसळलं असा हुतो. मग गिरणीला कुलूपच की.”

कुमारने ताट पुढं ओढलं. खरं होतं ते.

सकाळी तिने चक्की धुतल्यासारखी झाडली आणि पहिलं दळण वकिलांचं काढलं. पीठ गरम होतं, मऊ होतं. तिने थोडं तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाकला, मळलं, ताणून बघितलं. तुटेना. मग डबा घेतला, बायाक्काला घेतलं, रिक्षा केली आणि थेट हिंदवाडीत वकिलांच्या दारात. त्यांच्याच घरी, त्यांच्याच तव्यावर, याच पिठाची भाकरी थापून दाखवायची आणि एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावायचा. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. फार दिवस गप्प बसलो, असं ती रिक्षात बायाक्काला म्हणाली, आणि बायाक्कालाही ते पटलं.

दार वकिलांनीच उघडलं, तेही अर्धंच. अंगात घरातला सदरा, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या आणि ओल्या. दोघींना बघून त्यांचा चेहरा उतरला.

“डबा इथं ठेवा,” ते म्हणाले. “मी येणारच होतो संध्याकाळी.”

भाग्यलक्ष्मीने डबा ठेवला नाही. कशासाठी आलो ते तिने सांगितलं. काहीच गरज नाही, वकील म्हणाले, पीठ चांगलंच असेल, तुम्ही जा. आवाज इतका हळू की हाच माणूस काल गिरणीत ओरडत होता यावर कुणाचा विश्वास बसला नसता. तिला मनातून बरं वाटलं. घाबरला, ती मनात म्हणाली, खोटं उघडं पडेल म्हणून घाबरला. आणि मग इतक्या दिवसांचं साचलेलं तिच्या तोंडून निघालंच. चार बायकांत आमची अब्रू घेताना गरज होती आणि आता नाही, असं ती चांगलं ठणकावून बोलली.

“कोण आलंय हो?” आतून आवाज आला. “दारात काय उभं करताय? आत बोलवा की.”

वकिलांनी धरलेलं दार सोडलं. मग बाजूला झाले.

बायाक्काचे गुडघे दुखायचे. ती बाहेरच्या खोलीत पंख्याखाली खुर्चीवर टेकली आणि तू थाप, मी आहे इथं, म्हणाली. भाग्यलक्ष्मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी बाई उभ्या होत्या. साडी नीटनेटकी, कपाळावर कुंकू, समोर परात. शेगडीवर एका पातेल्यात पाणी तापत होतं.

“गिरणीतून आलीस ना?” बाई म्हणाल्या. “बरं झालं. आता तूच बघ तुझं पीठ कसं असतं ते.”

भाग्यलक्ष्मीने पदर खोचला आणि परातीला हात घातला, तर बाईंनी तो हलकेच बाजूला केला. माझ्या ओट्यावर भाकरी मीच करते, म्हणाल्या. तेही एका परीनं बरंच होतं. बाईंच्या हातची भाकरी टम्म फुगली की याहून मोठा पुरावा कुठला? भाग्यलक्ष्मी भिंतीला टेकून उभी राहिली. वकील दाराच्या चौकटीत उभे होते.

बाईंनी डब्यातलं पीठ परातीत घेतलं, मधोमध बोटांनी आळं केलं. पाण्याला उकळी आली होती. बाईंनी पातेल्याकडे पाहिलं.

“हे कशाला उकळतंय?”

“आधण आहे, विद्या,” वकील म्हणाले. “भाकरीचं. मी ठेवलंय.”

“भाकरीला आधण?” बाई हसल्या. स्वयंपाकघरात लुडबुड करणाऱ्या पुरुषाला बायका हसतात तशाच हसल्या. “वकील, तुम्ही तुमचं कोर्ट सांभाळा.” आणि त्यांनी गॅस बंद केला, पातेलं सांडशीत धरलं आणि उकळतं पाणी मोरीत ओतून टाकलं. मोरीतून वाफ वर आली.

भाग्यलक्ष्मी पुढं झाली ती थबकलीच. ज्वारीच्या भाकरीला आधणाचं पाणी लागतं हे कुणाला सांगावं लागत नाही. पोरीबाळींनाही कळतं ते. बाईंनी माठातलं गार पाणी घेतलं, पीठ बोटांनी नुसतं गोळा केलं. मळलं नाही. तळहाताचा जोर लावून पीठ रगडायचं असतं, ते त्यांच्या हातून राहूनच गेलं. त्या थेट थापायला लागल्या.

पण थापणं काय देखणं होतं! हात बरोबर फिरत होता, बोटं जराशी उचललेली, परातीत भाकरी आपोआप गोल वळत होती, बांगड्या एका लयीत वाजत होत्या. जन्मभराची सवय होती ती, ती कुठं गेली नव्हती. तेच बघवत नव्हतं. कडेला पहिली भेग पडली. बाईंनी ओल्या बोटाने ती सांधली. दुसरी पडली, तिसरी पडली. उचलायला गेल्या तशी भाकरी मधोमध मोडून मनगटावर लोंबली.

त्यांनी ती मोडून पुन्हा गोळा केला, पुन्हा थापलं. पुन्हा तेच. मग त्या थांबल्या आणि दोन्ही तळहात समोर धरून बघत राहिल्या.

“असं पूर्वी व्हायचं नाही,” त्या म्हणाल्या. “माझं काही चुकतंय का हो?”

वकील चार पावलांत ओट्याशी आले. तुझं काही चुकत नाही, पीठच वाईट आहे, ते घाईघाईने सांगू लागले. काल मी या बाईंना चांगलं सुनावलंय, तू गाडीतून ऐकलंस ना, सगळं ऐकलंस ना?

“ऐकलं,” बाई म्हणाल्या. “पण तुम्ही नेहमी असंच म्हणता. मला बरं वाटावं म्हणून म्हणता.”

सताड उघडं ठेवलेलं गाडीचं दार, गरजेपेक्षा चढवलेला आवाज, दर खेपेला मोडलेली भाकरी पुडक्यात बांधून आणणं, आणि एवढं होऊन दुसऱ्या गिरणीत न जाणं. भाग्यलक्ष्मीला सगळं कळलं. तिला वकिलांचा रागही आला. या माणसाने आपली लाज राखायला तिची लाज रस्त्यावर मांडली होती. लगेच दुसरं मन म्हणालं, आपली कुठं, बायकोची.

बाई तिच्याकडे वळल्या.

“तू सांग गं. तू गिरणीतली ना? खरं सांग मला. पीठ वाईट आहे का माझा हात बिघडलाय?”

वकिलांनी भाग्यलक्ष्मीकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, खूण केली नाही, काहीच नाही. ज्यांना कधी शब्द कमी पडला नाही ते ओल्या बाह्यांनी नुसते उभे होते. बाहेरच्या खोलीत खुर्ची कुरकुरली. बायाक्कानेही कान टवकारले असणार.

“पीठ वाईट हाय, बाई,” भाग्यलक्ष्मी खालच्या आवाजात म्हणाली.

“पुटपुटायचं नाही,” बाई म्हणाल्या. शाळेतला आवाज होता तो, तसाच्या तसा. “चुकलं असेल तर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगायचं. काय चुकलं?”

तिने एकदा बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. बाईंचे पिठाने माखलेले हात अजून तसेच समोर धरलेले होते.

“मी शिळं पीठ मिसळलं, बाई,” ती मोठ्यानं म्हणाली. “तुमच्या ज्वारीत. वकीलसाहेब बोलत्यात ते खरं हाय. तुमचा हात चांगला हाय. तुमचं काय बी चुकत न्हाय.”

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण असा सुटला, की पाहणाऱ्याचं काळीज हलावं. त्यांनी सुस्कारा टाकला. मग पुढं येऊन त्यांनी भाग्यलक्ष्मीच्या डोक्यावर हात ठेवला. पीठ तिच्या केसांत पडलं.

“खरं बोललीस,” त्या म्हणाल्या. “खरं बोलणाऱ्या मुलीला मी कधी शिक्षा केली नाही. जा.”

बाहेर बायाक्का उभी होती. खुर्चीवरून उठायला तिला नेहमी कुणाचा तरी हात लागायचा, आज ती आपली आपण उठली होती. ती पायऱ्या उतरली. भाग्यलक्ष्मीने चपला घातल्या आणि तिच्यामागे फाटकापर्यंत गेली.

“माझ्या कानांनी ऐकलं म्हणून,” बायाक्का म्हणाली. “दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याच्या थोबाडीत दिली असती मी.”

खरं काय ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती दोन वाक्यं भाग्यलक्ष्मीच्या ओठांवर आली होती. पण बायाक्काच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुपारी तिला कळलं ते दिवेलागणीपर्यंत अख्ख्या वडगावाला कळायचं. मग बायका गाडीपाशी जाऊन बाईंना लहान पोराला विचारतात तसं मोठ्यानं, सावकाश विचारणार, ओळखलंत का बाई? आणि मागं वळून एकमेकींना खुणा करणार. कधी ना कधी ते बाईंना उमगणार.

“का केलंस एवढं तरी सांग,” बायाक्का म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “काय कमी केलं हुतं मी तुला?”

“चुकलं, बायाक्का.”

माझे डबे दुपारी माणूस येऊन नेईल, असं बायाक्काने सांगितलं. कोपऱ्यावरच्या रिक्षात ती एकटीच बसली. भाग्यलक्ष्मी फाटकाला धरून उभी राहिली. आता कुमारला काय सांगायचं, चक्कीचे हप्ते, पोरांच्या शाळा, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढं आलं आणि तिला रडू फुटलं. तिने ते पदरात कोंबलं.

मागून वकील आले. पायात काही नव्हतं.

“मी सांगतो त्यांना,” ते म्हणाले. “आत्ता जाऊन सांगतो. सगळ्यांना सांगतो, पीठ चांगलं आहे म्हणून.”

“सांगू नगासा.” तिने नाक पुसलं. “आज न्हाय उद्या बाईंच्या कानावर जाईल. दळण घिऊन या नेहमीसारखं. बाईंना बी आणा. आनि भांडा.”

“मला नाही जमायचं आता.”

“जमवायला लागंल, साहेब.”

तेवढ्यात आतून परात ओट्यावर सरकल्याचा आवाज आला, आणि मग बाईंचा. गोंधळलेला, घाबरलेला, थोड्या वेळापूर्वी घरात कुणी आलंच नव्हतं असा.

“अहो, कुठं आहात? इकडे या ना. ही भाकरी बघा कशी मोडतेय. माझं काही चुकतंय का हो?”

वकिलांनी डोळे मिटले. मग ते वळले आणि पायरीवर पाय ठेवला.

“थांबा,” भाग्यलक्ष्मी म्हणाली. “मी सांगते.”

ती पायऱ्या चढून गेली आणि तिने दारात चपला काढल्या.